टिल्ट-शिफ्ट वाइड लेन्स : घ्यावी की सॉफ्टवेअरवरच भागवावं?

वाकडाखांब
नमस्कार मंडळी. एका आर्किटेक्ट मित्राच्या तयार झालेल्या साईटचे फोटो काढायचं काम हळूहळू माझ्याकडेच यायला लागलंय. रविवारी हौस म्हणून नागपूरच्या सदर-सिव्हिल लाईन्समधल्या जुन्या इमारती, नाहीतर रामटेक-खिंडसीकडचं लँडस्केप. बॉडी २४ मेगापिक्सेलची फुल फ्रेम मिररलेस, लेन्स १६-३५ एमएमची झूम. अडचण नेहमीचीच, उंच काही समोर आलं की कॅमेरा वर करावा लागतो नि इमारत मागे कलंडते. मग घरी येऊन लाईटरूम सॉफ्टवेअरमध्ये सरळ करत बसा, त्यात दोन्ही बाजू कापल्या जातात आणि क्लायंट विचारतो, कंपाउंडमधला जांभूळ कुठे गेला हो?

आता कॅननची २४ एमएम टीएस-ई (टीएस म्हणजे टिल्ट-शिफ्ट, कॅमेऱ्यावर तिरकी करता येणारी आणि सरकवता येणारी लेन्स), दुसरी आवृत्ती, सेकंडहँड मिळून राहिली आहे. किंमत लाखाला टेकलेली. माझं प्रामाणिक मत असं की सॉफ्टवेअर इतकं सुधारल्यावर ही लेन्स म्हणजे निव्वळ हौस आहे. पण मोठमोठे आर्किटेक्चरवाले अजूनही तीच वापरतात म्हणजे काहीतरी असेलच नं? वापरलेल्यांनी सांगा.

तर्रीवाला
लाखाची लेन्स आणि ऑटोफोकस पण नाही म्हणे. बाप्पा!

ओळंबा
मी फोटोग्राफर नंतर, सिव्हिलवाला आधी, त्यामुळे आकड्यांत सांगतो.

भिंतीच्या उभ्या रेषा फोटोत उभ्याच हव्या असतील तर सेन्सर भिंतीला समांतर पाहिजे, म्हणजे कॅमेरा ओळंब्यात. पण कॅमेरा ओळंब्यात ठेवला की क्षितिज फ्रेमच्या बरोब्बर मध्ये येतं, खालचा अर्धा फोटो रस्ता आणि गिट्टी, वर इमारत कापलेली. शिफ्ट म्हणजे कॅमेरा जागचा न हलवता फक्त लेन्स वर सरकवायची. हे जमतं कारण या लेन्सचं प्रतिमावर्तुळ सेन्सरपेक्षा बरंच मोठं असतं. साध्या फुल फ्रेम लेन्सला ४३ एमएमचं वर्तुळ पुरतं, या २४ ला ६७ एमएमचं आहे. त्यातून १२ एमएमपर्यंत सरकता येतं.

आता हिशोब. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ एमएमचा, कॅमेरा उभा धरला तर सेन्सरच्या मध्यापासून वरची कड १८ एमएम. २४ च्या लेन्सवर १८ भागिले २४, म्हणजे अंतराच्या पाऊण पट उंची दिसते. पूर्ण शिफ्ट दिली की १८ अधिक १२ म्हणजे ३० भागिले २४, सव्वापट. आपल्याकडच्या लेआउटमध्ये समोरच्या कंपाउंडला पाठ लावून उभं राहिलं तर घर साधारण ३० फुटांवर असतं. कॅमेरा ५ फुटांवर धरला तर शिफ्टशिवाय साडेसत्तावीस फुटांपर्यंत दिसेल, शिफ्टने साडेबेचाळीस. तिमजली घर मावलं.

चितारओळ
ओळंबा सर, गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगितलं. धागाकर्त्याकडे १६-३५ आहे. १६ वर कॅमेरा असाच ओळंब्यात उभा धरला, वर अजिबात न करता, तर १८ भागिले १६ म्हणजे १.१२ पट, सव्वाच्या थोडंच खाली जातंय की. ३० फुटांवरून ३९ फूट. खालचा रस्ता येतो तो कापून टाका. झालं शिफ्ट, तेही फुकटात! लाईटरूममध्ये काही ताणायचं नाही, सरळ क्रॉप.

कापून किती उरतं तेही सांगतो. १६ मधून २४ इतकी चौकट काढली तर सेन्सरचं ४४ टक्के क्षेत्र उरतं. २४ मेगापिक्सेलचे साडेदहा. ए-४ पान ३०० डीपीआयला छापायला पावणेनऊ लागतात. मासिकाचं पान, वेबसाईट, इन्स्टा, सगळं आरामात. ज्यांच्याकडे ४५ मेगापिक्सेलची बॉडी आहे त्यांनी तर विचारच करू नये.

वाकडाखांब
हे माझ्या डोक्यातच नाही आलं कधी! म्हणजे उंच इमारत आली की हात आपोआपच वर जातात. ३९ फूट म्हणता, मग ४० फुटांच्या घराचं काय?

तर्रीवाला
वरची पाण्याची टाकी कापल्या जाईल. आर्किटेक्ट खूश, त्याला ती टाकी फोटोत नकोच असते 😄

ओळंबा
@चितारओळ, मान्य. फक्त त्या क्रॉपला मी 'फुकटचं ९ एमएम शिफ्ट' म्हणेन, १२ चं नाही, कारण त्याच्या पुढे तुमच्याकडे वर सेन्सरच शिल्लक नाही. आणि तुम्ही १६-३५ झूमची नेमकी वरची कड वापरताय, जिथे बहुतेक झूम मऊ, म्हणजे कमी टोकदार, पडतात. अर्थात पूर्ण शिफ्ट दिल्यावर टीएस लेन्सपण कडेलाच काम करते, कोपऱ्यात थोडा अंधार नि थोडा मऊपणा येतोच, ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करून एफ ८ ते ११ ठेवावं लागतं. पण ती त्यासाठीच बनवलेली आहे, झूम नाही.

सदरकरीण
मी इंटिरिअर आणि हॉटेलांची कामं करते, त्यामुळे या वादात थोडं तेल ओतते.

सगळे नुसते उंचीवर बोलून राहिले. मला ही लेन्स उंचीसाठी कमी आणि आडवी जास्त लागते. बाथरूमचं उदाहरण घ्या. बेसिनवर मोठा आरसा, समोरून फोटो हवा, सगळ्या टाईल्सच्या रेषा सरळ हव्या, आणि आरशात मी नि माझा ट्रायपॉड नको. अशा वेळी ट्रायपॉड आरशाच्या कडेच्या पलीकडे सरकवायचा, सेन्सर भिंतीला समांतर ठेवायचा आणि लेन्स आडवी शिफ्ट करून आरसा परत फ्रेमच्या मधोमध आणायचा. फोटो समोरून काढल्यासारखा दिसतो, टाईल्सचे सांधे एकदम काटकोनात, आणि आरशात समोरची भिंत आणि टॉवेल. सॉफ्टवेअरने हे करायला तिरका फोटो इतका ओढावा लागतो की नळ चपटे दिसतात.

दुसरं म्हणजे जोडफोटो. कॅमेरा उभा ठेवून एक फोटो डावीकडे १२, एक मध्ये, एक उजवीकडे १२. तिन्ही जोडले की ४८ बाय ३६ एमएमचा सेन्सर असल्यासारखी फाईल मिळते, ४४ बाय ३३ च्या मीडियम फॉरमॅटपेक्षा मोठी. पॅनोरामासारखे कॅमेरा फिरवून काढलेले नाहीत त्यामुळे छताच्या रेषा वाकत नाहीत, सॉफ्टवेअरला नुसतं शेजारी शेजारी चिकटवायचं असतं. एक बारकी गोष्ट, जवळचं फर्निचर फ्रेममध्ये असेल तर लेन्स सरकल्याने किंचित जागा बदलते आणि खुर्चीचा पाय दोनदा येतो. त्यावर उपाय म्हणजे लेन्सला कॉलर लावून लेन्स ट्रायपॉडवर पक्की करायची आणि बॉडी सरकू द्यायची.

आणि चितारओळ दादा, क्रॉप करून चालतं हे खरं, पण आर्किटेक्ट बाजूला उभा राहून स्क्रीनवर बघत असतो. त्याला तिथेच फ्रेम दिसली की तो म्हणतो, थोडं वर घ्या, तो छज्जा येऊ द्या. क्रॉपवाल्याला म्हणावं लागतं की दादा घरी गेल्यावर दिसेल. धंद्यात या फरकाला किंमत आहे.

चितारओळ
ताई, स्क्रीनवर आस्पेक्ट रेशोच्या गाईडलाईन लावता येतात की. पण आरशाचा मुद्दा मानला. तिथे माझा क्रॉप तोकडाच पडेल.

पोट्टा_इतवारीचा
टिल्ट शिफ्ट म्हणजे ते गाड्या-माणसं खेळण्यासारखी दिसतात तेच नं? सीताबर्डीच्या किल्ल्यावरून मेट्रोचा तसा फोटो घ्यायचा आहे

सदरकरीण
तेच, पण उलटं वापरून. टिल्ट मुद्दाम चुकीच्या दिशेला द्यायचा म्हणजे एक अरुंद पट्टाच फोकसमध्ये राहतो. वाइड लेन्सवर तो परिणाम फिका येतो, ९० एमएम टीएसवर जास्त खुलतो. आणि यासाठी लाख घालवू नकोस रे बाबा, हे काम मोबाईलचं ॲप छान करतं.

धंतोलीकाका
आणि किल्ला लष्कराकडे आहे, पोट्ट्या. १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशीच आत सोडतात.

बाकी तुम्ही पोरं हे सगळं नवीन असल्यासारखं बोलून राहिले म्हणून जरा गंमत वाटली. आमच्या वेळी स्टुडिओतला भात्याचा कॅमेरा हेच करायचा. पुढची पाटी वरखाली सरकायची, तिरकीही व्हायची. शाळेचा ग्रुप फोटो काढताना पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांपासून मागे बाकावर उभ्या मास्तरांपर्यंत सगळे फोकसमध्ये आणायला पाटी पुढे कलवायचो, काळ्या कापडात डोकं घालून, उलटं चित्र बघत. ३५ एमएमसाठी निकॉनने १९६२ च्या सुमारास पहिली शिफ्ट लेन्स काढली, ३५ एमएमचीच, नुसती सरकणारी. टिल्ट आणि शिफ्ट दोन्ही असलेली पहिली कॅननची, १९७३ ची. आणि तिरकं करून फोकस मिळवायचा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो शाईम्प्लुग ऑस्ट्रियन सैन्यातला कॅप्टन. बलूनमधून काढलेले तिरके फोटो नकाशासाठी सरळ कसे करायचे यावर त्याचं सगळं काम. म्हणजे मुळात हा धंदा नकाशेवाल्यांचा. आपल्या झिरो माईलच्या, मोजणीवाल्यांच्या त्या खांबाच्या, जवळचा म्हणायला हरकत नाही.

तर्रीवाला
काका झिरो माईलचं नाव काढलं म्हणून सांगतो, तिथल्या चार घोड्यांचा फोटो मी १४ एमएमवर काढला होता. कोपऱ्यातला घोडा जिराफ झाला.

ओळंबा
तर्रीवाले, विनोद बाजूला, हीच या लेन्सची खरी मर्यादा आहे आणि विकणारा ती सांगत नाही. रेषा सरळ राहतात पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात. २४ ला पूर्ण शिफ्ट दिली की वरची कड कॅमेऱ्याच्या अक्षापासून ५१ अंशांवर जाते, तिथे वस्तू सुमारे १.६ पट लांबट होते. सपाट भिंतीवर कळत नाही कारण भिंत सेन्सरला समांतर असते. गोल वस्तूवर लगेच कळतं.

आता नागपुरातल्या इमारती आठवा. हायकोर्ट, हेन्री मेडने डिझाईन केलेलं, १९४० ला उघडलं, वर घुमट. दीक्षाभूमीचा स्तूप तर अख्खा घुमटच आहे, १२० फूट व्यास आणि तितकीच उंची. जवळ जाऊन पूर्ण शिफ्ट दिली तर स्तूप अंड्यासारखा उभट दिसेल, आणि ज्या वास्तूचा आकारच तिची ओळख आहे तिचा आकार बिघडवणं मला तरी पटत नाही. अशा ठिकाणी मागे जा, जमेल तितकं मागे, आणि शिफ्ट ४-५ एमएमवर ठेवा. स्तूपाला ओळंब्यात असायला उभ्या कडा तरी कुठे आहेत?

सदरकरीण
यावर मी एक करते. उंच इमारतीत रेषा शंभर टक्के सरळ करतच नाही. कॅमेरा एखादा अंश वर, उरलेलं शिफ्टने. रेषा वर किंचित जवळ येऊ द्यायच्या. पूर्ण सरळ केलं की डोळ्याला इमारत वर रुंद होत गेल्यासारखी, अंगावर आल्यासारखी वाटते. आर्किटेक्ट लोकांना सरळच हवं असतं, पण बघणाऱ्याला असं बरं वाटतं.

चितारओळ
स्टेशनच्या जुन्या इमारतीवर मात्र ही लेन्स शोभून दिसेल. १९२५ चं वालुकाश्माचं काम, लांब आडवी इमारत. मुख्य बाजू पश्चिमेला आहे त्यामुळे संध्याकाळी साडेपाचनंतरचा प्रकाश थेट दगडावर येतो. आडवा जोडफोटो घ्यायला यासारखी जागा नाही, फक्त समोरच्या ऑटोंचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

फुटाळा_फिरस्ता
ऑटो सोडा, ट्रायपॉड उघडला की शिट्टी वाजते त्याचं काय? एका सरकारी इमारतीसमोर, रस्त्यावरून, बाहेरून, मला अर्धा तास विचारपूस झाली. मोबाईलने शंभर माणसं फोटो काढून राहिली होती. मी ट्रायपॉड लावला म्हणजे मी हेर!

धंतोलीकाका
लेखी परवानगी आधी घ्यायची भाऊ. अर्जाची प्रत खिशात. ती दाखवली की चहा पण मिळतो कधी कधी.

सदरकरीण
आणि ट्रायपॉडशिवाय या लेन्सची मजा नाही. हातात धरून शिफ्ट होतं, पण लेव्हल अर्धा अंश हलली की सगळ्या रेषा परत तिरक्या. ट्रायपॉडला गियर हेड (चक्री फिरवून केसभर हलवता येणारं डोकं) असेल तर उत्तम, साध्या बॉल हेडवर नुसतं पाणसळ जुळवताना घाम फुटतो.

खिंडसीचा_वारा
आर्किटेक्चरवाल्यांनी धागा पळवला, लँडस्केपचं कोणी बोलेना, म्हणून आलो. धागाकर्त्याने रामटेक-खिंडसी म्हटलंय तर टिल्टबद्दल सांगतो, कारण लँडस्केपमध्ये शिफ्ट दुय्यम आहे.

उन्हाळ्यात तलाव मागे हटला की काठाची काळी माती भेगाळते. भेगा पायाशी, मागे पाणी, त्यामागे रामटेकचा डोंगर नि मंदिरं. सगळं टोकदार हवंय. साध्या लेन्सने एफ १६ ला जाल तर डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच थोडं मऊ होतं, नाहीतर फोकस स्टॅकिंग करा, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडा, मग वाऱ्याने गवत हललं की जोड दिसतो. टिल्टने फोकसची पातळीच जमिनीवर झोपवता येते आणि एफ ८ ला एका फोटोत काम होतं.

किती टिल्ट? लोकांना वाटतं आठ अंश दिलेत म्हणजे आठ वापरायचे. सूत्र असं : फोकल लांबीला कॅमेऱ्याच्या उंचीने भागलं की टिल्टच्या कोनाचा साईन मिळतो. २४ एमएम, कॅमेरा दीड मीटरवर, ०.०१६, म्हणजे एका अंशाहूनही कमी! खाली बसून ६० सेंटीमीटरवर लावलात तर सव्वादोन अंश. मी उंचीनुसार कोनाचा छोटा तक्ता करून बॅगेत ठेवलाय. टिल्ट देऊन झाला की लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चित्र) दहापट मोठा करायचा, फोकस रिंगने दूरचा डोंगर जुळवायचा, मग पायाजवळची भेग बघायची. ती मऊ दिसली तर टिल्ट केसभर कमीजास्त, आणि डोंगर परत बघायचा. दोनतीन फेऱ्यांत बसतं. मे महिन्यात मात्र दहाच्या आत आटपा, नंतर हवाच इतकी थरथरते की डोंगरावर काही टोकदार उरतच नाही, आणि लोक लेन्सला शिव्या घालत बसतात.

पण जवळ उभं झाड असेल तर टिल्ट विसरा. फोकसमधला भाग पाचरीसारखा असतो, कॅमेऱ्याजवळ अगदी पातळ आणि दूर जाल तसा जाड. दोन मीटरवर पळस उभा असेल तर बुंधा स्पष्ट आणि फुलं धूसर. फुलांसाठीच गेला होतात नं तुम्ही? डोंगरावरच्या केवल-नरसिंहासारख्या वाकाटककालीन मंदिरातही तेच, समोर खांब आले की टिल्ट शून्य आणि फक्त शिफ्ट.

वाकडाखांब
@खिंडसीचा_वारा, हे सोनं आहे, सेव्ह करून ठेवलं. एका अंशाचं ऐकून चकितच झालो. पोलरायझर (चमक कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर) चालतो का यावर?

खिंडसीचा_वारा
२४ वर ८२ एमएमचा फिल्टर बसतो, पण शिफ्ट जास्त दिली की जाड फिल्टरची कड कोपऱ्यात येते. पातळ रिंगचा घ्या. आणि इतक्या वाइडवर निळं आभाळ एका बाजूला गडद, एका बाजूला फिकं होतं, तेव्हा मी तर काढूनच टाकतो. कॅननच्या १७ एमएम टीएस-ईवर प्रश्नच नाही, तिची पुढची काच बाहेर फुगलेली आहे, फिल्टरची आटीच नाही. गर्दीत तिला जपताना जीव टांगणीला लागतो.

फुटाळा_फिरस्ता
निकॉनवाल्यांनी काय पाप केलंय? आमच्यासाठी कोणी बोला.

ओळंबा
तुमच्याकडे २००८ ची २४ पीसी-ई आणि २०१६ ची १९ पीसी आहे (पीसी हे निकॉनचं अशा लेन्सचं नाव). १९ ची फारच सुंदर, तिच्यात टिल्ट आणि शिफ्टच्या दिशा वेगवेगळ्या फिरवता येतात. २४ पीसी-ईमध्ये दोन्ही एकमेकींना काटकोनात बांधलेल्या येतात, म्हणजे वर शिफ्ट दिली की टिल्ट आडवा. इमारतीला चालतं, खिंडसीला अडतं. कॅननच्या २४ च्या दुसऱ्या आवृत्तीत आणि १७ मध्ये हा त्रास नाही, दोन्ही २००९ च्या. बजेट कमी असेल तर सॅमयांगची २४ टिल्ट-शिफ्ट आहे, पूर्ण मॅन्युअल. लाओवाची १५ एमएम आहे पण ती फक्त शिफ्ट, टिल्ट नाही. महालातल्या गल्ल्यांत वाड्याचा दरवाजा काढायला तीच बरी, तिथे मागे सरायला जागाच नसते.

वाकडाखांब
सगळं वाचून डोकं थोडं ठिकाणावर आलं. काल एका साईटवर चितारओळ दादांची युक्ती करून पाहिली. १६ वर, पाणसळ जुळवून, कॅमेरा उभा. घर मावलं, टाकीसकट. क्लायंटला पाठवलं, त्याला काही फरक कळला नाही. म्हणजे बाहेरच्या फोटोंसाठी सध्या तरी एवढ्यावर भागतंय.

पण पुढच्या महिन्यात एका क्लिनिकचं इंटिरिअर आहे, रिसेप्शनमागे मोठा आरसा. तिथे सदरकरीण ताईंनी सांगितलेलं लागणारच. त्यामुळे लेन्स आत्ता विकत नाही घेत, तेवढ्या दिवसांपुरती भाड्याने आणतो, आणि हातात आहे तोवर एक पहाट खिंडसीला. भाड्याने नागपुरात कोणाकडे मिळते का, की पुण्या-मुंबईहून कुरिअर?

सदरकरीण
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. घेताना टिल्टचं आणि शिफ्टचं लॉक घट्ट बसतं का ते दुकानातच तपासा. कॅमेरा खाली तोंड करून धरा, शिफ्ट आपोआप घसरली तर ती लेन्स परत द्या. आणि दोन्ही शून्यावर ठेवून एक फोटो काढून बघा, चारही कोपरे सारखे आले पाहिजेत. भाड्याच्या लेन्स कधी ना कधी आपटलेल्या असतात.

पोट्टा_इतवारीचा
माझी क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी आहे. मले जमंल का?

ओळंबा
जमेल की. सेन्सर लहान म्हणून तेच १२ एमएम शिफ्ट तुला जास्त उपयोगी पडेल. कॅमेरा उभा धरून शिफ्टशिवाय अंतराच्या निम्मी उंची दिसेल, शिफ्टने जवळजवळ पूर्ण, म्हणजे दुप्पट. फक्त रुंदी कमी पडेल, ३० फुटांवरून १९-२० फूटच. रुंद घर असेल तर वरच्या शिफ्टमध्येच ट्रायपॉड आडवा सरकवत बसू नकोस, १७ ची भाड्याने घे. किंवा १०-२० प्रकारची साधी लेन्स असेल तर १० वर पाणसळीत धर आणि खालचा रस्ता काप, चितारओळांचं गणित तुलाही लागू आहे.

पोट्टा_इतवारीचा
१०-१८ आहे. उद्या सकाळी गांधी गेटवर ट्राय करतो, ट्रॅफिक सुरू व्हायच्या आधी.

चितारओळ
सहाच्या आत जा. सातला भाजीवाले येतात, मग गेटचा खालचा भाग काही दिसत नाही. आणि पाणसळ मोबाईलच्या ॲपवर नको बघू, कॅमेऱ्यातली लावून घे.